रेंज : रेंजरची आणि टॉवरची

बाजारकुणंगच्या बाजूला कुणाच्या घरी गेलात आणि "ते रेंजला गेलेत" असं उत्तर मिळालं, तर लगेच परत फिरू नये. कुठल्या रेंजला, ते आधी विचारावं. घरधनी कागद घेऊन वनखात्याच्या रेंज ऑफिसात गेला असेल, तर संध्याकाळची बस येईपर्यंत त्याची भेट व्हायची नाही. फोन लावायला वरच्या चढावर गेला असेल, तर चहाचं आधण उकळेपर्यंत तो दारात हजर होईल.

बाजारकुणंग हे कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातलं, जोयडा तालुक्यातलं गाव. जुन्या माणसांच्या तोंडी अजून सुपा तालुकाच आहे. काळी नदीवर धरण झालं, सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि तालुक्याची कचेरी जोयड्याला आली. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हा सगळा जिल्हा मुंबई राज्यात होता. इथल्या माणसाच्या बोलण्यात कोकणी, मराठी आणि कन्नड एकमेकींच्या घरात न विचारता ये-जा करतात. घरात कोकणी, देवळात आणि भजनात मराठी, कचेरीत कन्नड, असा साधारण व्यवहार. पण फोन हातात धरून कपाळाला आठ्या घातल्या की तिन्ही भाषांना एकच शब्द लागतो. कोकणीत 'रेंज ना', मराठीत 'रेंज नाही', कन्नडमध्ये 'रेंज इल्ला'.

मराठीने हा शब्द घेताना त्याचं काय केलं, ते बघण्यासारखं आहे. इंग्रजीत रेंज म्हणजे पल्ला, अमुकपासून तमुकपर्यंतचं अंतर. तुम्ही त्या अंतराच्या आत असता किंवा बाहेर असता. मराठीत अंतर राहिलं बाजूला आणि रेंज हीच एक वस्तू झाली. ती येते, जाते, मिळते. 'माझ्या फोनला रेंज आहे, ह्याच्या फोनला नाही.' 'घाट उतरलो की रेंज येते.' 'आत्ता होती, आत्ता गेली.' हीच क्रियापदं आपण लाइटला आणि नळाच्या पाण्याला लावतो. बाहेरून पुरवली जाणारी, आपल्या हातात नसलेली आणि कधीही जाऊ शकणारी गोष्ट मराठीत 'येते' आणि 'जाते'. रेंज त्याच रांगेत जाऊन बसली. तिचं लिंगही कुणी समिती नेमून ठरवलं नाही. लाइट गेली तशी रेंज गेली, झालं.

इंग्रजी मुलखात मात्र याच गोष्टीला बहुतेक वेळा 'सिग्नल' किंवा 'रिसेप्शन' म्हणतात. फोनच्या काड्यांना 'रेंज' म्हणणं ही मुख्यतः आपल्याकडची वहिवाट. सरकारी-कंपनी भाषा वेगळीच बोलते. फोन लागला नाही की ध्वनिमुद्रित बाई मराठीत 'कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर' म्हणते आणि कन्नडमध्ये 'व्याप्ती प्रदेश' म्हणते. एवढी वर्षं रोज कानावर पडूनही यातला एकही शब्द कुणाच्या तोंडी बसला नाही. "मी कव्हरेज क्षेत्रात आलो की फोन करतो" असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

जोयड्याच्या आतल्या गावांत ही रेंज इतकी का जाते, याचं अर्धं उत्तर जमिनीच्या चढउतारात आहे. मोबाइलच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. 900 मेगाहर्ट्झची लहर सुमारे 33 सेंटिमीटर लांबीची असते, 1800 मेगाहर्ट्झची तिच्या निम्मी. एवढ्याशा लहरीला डोंगराला वळसा घालून पलीकडे उतरता येत नाही. जुन्या मीडियम वेव्हच्या रेडिओची लहर शेकडो मीटर लांब असायची. ती जमिनीला धरून, डोंगर ओलांडून यायची. त्यामुळे खोऱ्यातल्या ज्या घरात एके काळी आकाशवाणी ऐकू येत असे, त्याच घरात आज मोबाइलची एक काडी लागत नाही, यात नवल काही नाही. टॉवर डोंगराच्या ज्या अंगाला असेल त्या अंगाला उजेड, पलीकडे सावली. घर सावलीत असलं की कितीही महागाचा फोन घ्या.

उरलेलं उत्तर झाडांत आहे. पानांमध्ये पाणी असतं आणि पाणी या लहरी शोषून घेतं. इथलं जंगल पानगळीचं आणि सदाहरित असं मिसळलेलं आहे. उन्हाळ्यात सागवानाची पानं गळली की काही ठिकाणी जरा बरी रेंज येते आणि आषाढात भिजलेल्या हिरव्या भिंतीमागे ती पुन्हा दडी मारते. त्यात अंतराचा हिशोबही सरळ नाही. मोकळ्या हवेतसुद्धा टॉवरपासूनचं अंतर दुप्पट झालं की पोचणारी शक्ती निम्मी होत नाही, चौथाईवर येते. जंगलात तर त्याहून वेगाने ओसरते.

जुन्या टूजी तंत्रात तर अंतराची एक पक्की सीमाच होती. फोनने पाठवलेला संदेश टॉवरला ठरलेल्या क्षणी पोचावा लागतो. लांबच्या फोनने जरा आधी बोलायला सुरुवात करावी, म्हणून टॉवर त्याला किती आधी ते सांगतो. हे सांगण्यासाठी 0 ते 63 एवढेच आकडे ठेवलेले होते आणि एक आकडा म्हणजे साधारण 550 मीटर. म्हणजे 35 किलोमीटरच्या पलीकडे टॉवर डोळ्यांना दिसत असला, तरी फोन लागायचा नाही. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ, म्हणजे मोजता येणारा पल्ला, इथे बरोबर सापडतो. पण चढावर उभ्या असलेल्या माणसाला या पस्तीस किलोमीटरचं काय? टॉवर पाच किलोमीटरवर असून मध्ये डोंगर असतो, हे त्याचं दुखणं.

'रेंज दाखवतेय, पण फोन लागत नाही' ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की तिचा उलगडा इथेच करून टाकू. पडद्यावरच्या काड्या फक्त एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज फोनला ऐकू येतोय. फोनचा आवाज टॉवरला ऐकू जातोय की नाही, हे त्या सांगत नाहीत. टॉवर दहा वॅटच्या पुढच्या शक्तीने बोलतो, खिशातला फोन जास्तीत जास्त एक-दोन वॅटने. लांबून टॉवरची हाक ऐकू येते आणि आपण दिलेली ओ वाटेतच विरते. शिवाय किती शक्तीला किती काड्या दाखवायच्या, याचं सगळ्यांना बांधील असं माप नाही. प्रत्येक कंपनी आपापल्या परीने काड्या उभ्या करते. दोन फोन शेजारी ठेवून एकाला तीन आणि दुसऱ्याला एक काडी दिसली, तर पहिला चांगला असंच काही नाही. पहिला फक्त जास्त आशावादी असू शकतो.

बॅटरी का उतरते, तेही यातच आलं. रेंज कमी असली की फोन आपला आवाज चढवतो, सतत टॉवर शोधत राहतो आणि दुपारपर्यंत चार्जिंग संपवतो. म्हणून आतल्या गावांत राहणारी जाणती माणसं घरी आल्यावर फोन विमान मोडमध्ये टाकतात किंवा रेंज लागते त्या एकाच जागी, खिडकीच्या विशिष्ट गजाला अडकवून ठेवतात. त्या जागेवरून तो वीतभर हलवला, तर घरातली म्हातारीसुद्धा ओरडते, "हलवू नको रे, आत्ताच धरलीय त्याने!" वीतभराने फरक पडतो, हा भ्रम नाही. डोंगरावरून, छपरावरून आणि झाडांवरून परावर्तित होऊन आलेल्या लहरी काही ठिकाणी एकमेकींना बळ देतात, काही ठिकाणी एकमेकींना मारतात. दोन्हींमधलं अंतर लहरीच्या लांबीच्या हिशोबात असतं, म्हणजे खरोखरच वीतभर.

2020 साली शाळा मोबाइलवर आल्या, तेव्हा कोकणापासून कर्नाटकाच्या घाटापर्यंत पोरं वह्या घेऊन टेकड्यांवर चढली. कणकवली तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीसाठी तर घरच्यांनी डोंगरावर झोपडी घालून दिली होती आणि भर पावसात तिचा अभ्यास तिथे चालला होता. 'रेंज' हा शब्द शाळेच्या हजेरीइतका महत्त्वाचा ठरला, तो त्या वर्षी.

आता दुसऱ्या रेंजकडे येऊ. जोयड्यात ती पहिलीपेक्षा शंभर-सव्वाशे वर्षांनी थोरली आहे.

इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे त्याचा अर्थ होता रांग, ओळ. रांगेत लावणं म्हणजे 'अरेंज' करणं. तेव्हा आपलं 'अरेंज मॅरेज'ही याच घरातलं आणि पोलिसाची किंवा परीक्षेतली 'रँक'ही. मराठीतल्या 'रांग' या शब्दाशी त्याचं नातं जोडायचा मोह होतो, पण नुसतं कानाला सारखं लागणं म्हणजे व्युत्पत्ती नव्हे, हा मोह आवरलेला बरा. फ्रेंच शब्दाच्या मागे गेलं की जर्मानिक कुळातला एक शब्द सापडतो, ज्याचा अर्थ होता कडं, वर्तुळ. इंग्रजी 'रिंग' त्याचाच भाऊ. कड्यापासून रांग झाली, रांगेपासून फिरणं झालं, फिरण्यापासून फिरायचा मुलूख झाला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बंदुका-तोफांच्या माऱ्याचं अंतरही त्यात आलं. शब्दांचा प्रवास असाच असतो, एका बाजूने निघतात आणि भलत्याच दारात उभे राहतात.

'रेंजर' म्हणजे फिरणारा. इंग्लंडच्या राजाच्या शिकारीसाठी राखलेल्या जंगलात फिरून चोरून मारलेलं हरीण आणि चोरून तोडलेलं लाकूड पकडणारा अधिकारी, अशी ती मूळ नेमणूक. तिकडे ती पुढे मानाची पदवी होऊन बसली. राणी एलिझाबेथचे यजमान प्रिन्स फिलिप हे 1952 पासून थेट 2021 साली मरेपर्यंत विंडसरच्या राजउद्यानाचे रेंजर होते. हुद्दा तोच, जो जोयड्यातल्या खाकी साहेबाचा. फरक एवढाच की विंडसरच्या रेंजरकडे कुणी वासे-पाट्यांचा परवाना मागायला जात नसे.

हिंदुस्थानात हा शब्द वनखात्याबरोबर आला. मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन हे 1847 साली पहिले वनसंरक्षक झाले. मुंबईच्या गोदीला सागवान हवा होता, हे त्यामागचं एक मोठं कारण. 1864 साली डीट्रिश ब्रँडिस या जर्मन माणसाला इंग्रजांनी सगळ्या देशाच्या जंगलांवर नेमलं आणि 1878 साली देहराडूनला वनशाळा सुरू झाली. तिचं मुख्य काम रेंजर घडवणं. जंगलाची वाटणी झाली ती अशी : सर्कल, त्याखाली डिव्हिजन, त्याखाली रेंज, मग सेक्शन किंवा राउंड, आणि सगळ्यांत खाली बीट. जोयड्याची जंगलं कानडा सर्कलखाली येतात, ज्याची कचेरी शिरशीला, आणि त्यातला मोठा भाग हल्याळ डिव्हिजनमध्ये. काळी व्याघ्र प्रकल्पाकडे कुळगी, फणसोली, गुंद, अणशी, कुंभारवाडा अशा रेंजा आहेत. हा प्रकल्प म्हणजे 1956 चं दांडेली अभयारण्य आणि 1987 चं अणशी राष्ट्रीय उद्यान. दोन्ही मिळून 2007 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2015 मध्ये त्याला काळी नदीचं नाव मिळालं. ही काळी उगम पावते ती याच तालुक्यात, डिग्गीच्या बाजूला.

रेंजचं भाषांतर सरकारने केलं, आणि तेही दोन राज्यांनी दोन तऱ्हांनी. महाराष्ट्रात रेंजर हा 'वनपरिक्षेत्र अधिकारी' झाला. कर्नाटकात तो 'वलय अरण्याधिकारी' आहे. वलय म्हणजे कडं. भाषांतर करणाऱ्याच्या मनात फ्रेंच व्युत्पत्ती असण्याचं काही कारण नाही, पण शब्द हजार वर्षं फिरून पुन्हा कड्यापाशी आला खरा. गंमत अशी की त्याच्या वरच्या सर्कललाही 'वृत्त' म्हणतात. वर्तुळात वलय, हा सगळा कारभारच गोलगोल आहे असं कुणाला वाटलं तर रागावू नये.

जंगलात राहणाऱ्याला मात्र ना परिक्षेत्र ठाऊक, ना वलय. त्याला रेंजर ठाऊक, आणि सगळ्या खात्याला मिळून एक नाव ठाऊक : फॉरेस्ट. 'फॉरेस्ट आलंय', 'फॉरेस्टने अडवलं', 'फॉरेस्टकडून लिहून आणा'. मोबाइलच्या रेंजशी माणसाचं नातं वाट बघण्याचं, तर या रेंजशी परवानगीचं. इथले कुणबी पिढ्यान् पिढ्या कुमरी करायचे, म्हणजे डोंगराचा एक तुकडा तोडून, जाळून, दोन-तीन वर्षं नाचणी-वरी पिकवायची आणि मग तो जंगलाला परत देऊन पुढे जायचं. इंग्रजी वनखात्याने ती आधी आखडली आणि मग जवळजवळ बंद पाडली. कुमरीचा माणूस फिरता होता आणि रेंजरही नावाप्रमाणे फिरता होता. एकाच जंगलात दोन फिरणारे मावले नाहीत, त्यातला ज्याच्याकडे नकाशा होता तो टिकला. घराला वासा, शेताला कुंपण, मधाचं पोळं, पडलेलं झाड, रानडुकराने केलेली नुकसानी, सगळ्या गोष्टींची वाट तेव्हापासून रेंज ऑफिसावरून जाते.

पोलिसांच्याही रेंजा असतात. उत्तर कन्नड जिल्हा पोलिसांच्या वेस्टर्न रेंजमध्ये येतो आणि तिचा आयजी बसतो मंगळूरला. महाराष्ट्रात कोल्हापूर परिक्षेत्र, नाशिक परिक्षेत्र ही त्याच जातीची. केंद्रीय जीएसटीतही कमिशनरेट, डिव्हिजन आणि त्याखाली रेंज अशीच उतरंड आहे. ही सगळी कागदी कुंपणं. त्यांबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

पण एक रेंज अशी आहे की तिच्याबद्दल लिहायलाच हवं. अहिल्यानगरजवळची के. के. रेंज. नगरला 1948 पासून लष्कराचं चिलखती दलाचं केंद्र आहे आणि रणगाड्यांचा सराव या रेंजवर चालतो. 'के. के.' ही इंग्रज साहेबाच्या नावाची आद्याक्षरं असावीत असं अनेकांना वाटतं. ती आहेत खारे कर्जुने या गावाची. इंग्रजी अक्षरांत गाव असं दडलं की बाहेरच्याला पत्ता लागत नाही. राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतल्या गावकऱ्यांना रेंज म्हणजे फोनच्या काड्या नाहीत आणि रेंजरचा कागदही नाही. 1938 च्या सराव-गोळीबार कायद्याखाली अधिसूचना निघते, ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी मुलूख रिकामा करायचा, गुरं परत आणायची. क्षेत्र वाढणार अशी नुसती चर्चा उठली तरी गावागावांत सभा भरतात. तिथे 'आम्ही रेंजमध्ये येतो' हे वाक्य भीतीने उच्चारलं जातं, आणि जोयड्यात 'आम्ही रेंजमध्ये येत नाही' हे चिडून.

बाजारात या शब्दाचा अर्थ आणखी हलका होतो. साडीच्या दुकानात पाय ठेवला की "कुठल्या रेंजमध्ये दाखवू, ताई?" असं विचारतात. यात साडीपेक्षा ताईंची रेंज विचारलेली असते, हे ताईंनाही कळतं. "किंमत किती?" यापेक्षा ते सभ्य वाटतं म्हणून हा शब्द चालला असावा. मित्रामित्रांत "आपल्या रेंजमध्ये राहा" म्हणजे पायरीने वाग, असा दमच. विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या दुकानात पहिला प्रश्न "रेंज किती देते?" पेट्रोलच्या गाडीला आपण 'एव्हरेज' विचारत होतो. त्या इंग्रजी शब्दालाही आपण मूळ अर्थापासून ओढून आणून लिटरमागच्या किलोमीटरला जुंपलं होतं. आता त्याची जागा रेंज घेतेय, आणि हा मात्र मूळ अर्थाला धरून असलेला वापर आहे. जाहिरातीतली रेंज बऱ्याचदा पुण्याच्या एआरएआय या संस्थेने प्रमाणित केलेली असते. गाडी रोलरवर ठेवून ठरलेल्या वेगाने चालवून ती काढतात. अणमोड घाटाचा चढ, मागे बसलेला माणूस आणि पोतंभर तांदूळ यांचा त्यात हिशोब नसतो. छापलेल्या आकड्यातून चांगला हिस्सा वजा करूनच घाटात निघावं.

रक्ताच्या अहवालावरही हा शब्द असतो. "रेंजमध्ये आहे" असं डॉक्टर म्हणाले की पेशंटच्या जिवात जीव येतो. ही रेंज कशी काढतात, हे फारसं कुणी सांगत नाही. बऱ्याच चाचण्यांत निरोगी माणसांच्या मोठ्या गटाचं रक्त तपासतात आणि मधल्या 95 टक्के लोकांचे आकडे ज्या दोन टोकांमध्ये पडतात, ती टोकं छापतात. म्हणजे शंभर धडधाकट माणसांतली पाच जणं व्याख्येनेच रेंजबाहेर जातात. एकाच वेळी वीस चाचण्या केल्या की एखादा आकडा ठळक अक्षरात येणं अगदी स्वाभाविक आहे. तेवढ्यावर रात्रीची झोप घालवू नये, आणि अर्थात डॉक्टरलाही वगळू नये.

एवढ्या सगळ्या ठिकाणी एकच परका शब्द शिरला, म्हणजे मराठी दरिद्री होती का? अजिबात नाही. बंदुकीला पल्ला होता, क्षेपणास्त्रालाही तो आहे. 'लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र' असं वर्तमानपत्रं आजही लिहितात आणि एसटी लांब पल्ल्याच्या गाड्या सोडते. शिकारी म्हणायचा, 'जनावर टप्प्यात आलं.' बुद्धीला आणि कामाला आवाका होता, डोंगराला रांग होती, गवयाच्या गळ्याला तर पल्लेदार तान होती. परदेशात जी अंडी 'फ्री रेंज' अशी चिठ्ठी लावून दुप्पट भावाने विकतात, त्यांना आपण गावठी अंडी म्हणत आलो. हिशोब साधा दिसतो. जी गोष्ट आपल्याकडे आधीपासून होती, तिथे आपला शब्द टिकला. जी गोष्ट बाहेरून आयती आली, म्हणजे वनखातं, पोलिसांची आखणी, मोबाइल, तिथे तिचं नावही तिच्याबरोबर आलं. मोबाइलच्या रेंजला मराठी शब्द शोधत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. ती लढाई संपली, आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही. पण गाण्याच्या कार्यक्रमात निवेदक जेव्हा "काय त्यांच्या आवाजाची रेंज!" म्हणतो, तेव्हा कानात खडा गेल्यासारखं होतं. पल्ला हा शब्द तिथे नुसता पर्याय नाही. त्यात झेप आहे, दम आहे, जायचं आणि परत समेवर यायचं आहे. तो सोडून रेंज उचलणं ही गरज नव्हे, आळस आहे.

जोयड्यात या दोन रेंजा समोरासमोर येतात, ती गोष्ट तेवढी उरली. टॉवर उभा करायचा तर जागा लागते आणि गावाभोवती बघावं तिकडे जंगल. 1980 च्या वनसंवर्धन कायद्याप्रमाणे वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्र सरकारची मंजुरी हवी. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वन्यजीव मंडळाचं वेगळं दार ठोठावावं लागतं. म्हणजे टॉवरची रेंज हवी असेल, तर वाट रेंजरच्या रेंजमधूनच जाते. गावकऱ्याला हा शब्दांचा खेळ वाटत नाही, कारण कागद अडकला की तो कुठल्या टेबलावर अडकला ते त्याला पाठ असतं.

फार थोड्यांना ठाऊक असलेला एक आडमार्ग कायद्यातच आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3 (2) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा तेरा गावसोयींची यादी आहे आणि त्यात विजेच्या व दूरसंचाराच्या लाइनींचाही उल्लेख आहे. अट अशी की जमीन एक हेक्टरपेक्षा कमी हवी, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. मग दिल्लीला जायची गरज नाही. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाने 2009 साली याची कार्यपद्धती ठरवून दिली. प्रस्ताव आल्यावर रेंजरने जागेवर जाऊन पाहणी करायची, झाडं मोजायची आणि अहवाल विभागीय वनाधिकाऱ्याकडे धाडायचा. त्यांना तो मान्य नसेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती निर्णय करते. कायद्याच्या मजकुरात 'लाइन' आहे, 'टॉवर' नाही. एखाद्या कारकुनाने तेवढ्यावर बोट ठेवलं तर फाइल तिथेच बसू शकते. म्हणून ठरावात काय मागितलंय ते नीट लिहावं, 'रेंज मिळावी' एवढ्यावर भागत नाही.

जुलै 2022 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेंज नसलेल्या 24,680 गावांत फोरजी पोचवायची योजना मंजूर केली, 26,316 कोटी रुपयांची. काम बीएसएनएलकडे. अशा योजनेत आपलं गाव आहे का, हे पंचायतीत विचारताना आणखी दोन प्रश्न जोडून विचारावेत. टॉवरला पलीकडून जोडणी कशाची, फायबरची की उपग्रहाची? उपग्रहाची असली तर बोलणं होतं, पण पोरांचा व्हिडिओ अडखळतो. आणि लाइट गेल्यावर टॉवरची बॅटरी किती तास चालते? इथे पावसाळ्यात तारांवर झाड पडलं की वीज दोन-दोन दिवस येत नाही. टॉवरची बॅटरी काही तासांचीच असेल, तर पहिल्या रात्रीच तो मुका होतो. बॅटरीचे तास, जोडीला सौर पट्ट्या की डिझेल जनित्र, आणि डिझेल भरायला पावसात कोण येणार, हे ग्रामसभेच्या वहीत लिहून घ्यावं आणि खाली अभियंत्याची सही घ्यावी.